प्लास्टर भरलेले बूट

दिनांक २१ नोव्हेंबर २०२२ रोजी हौसाने तिच्या मुलीच्या बॅलेच्या इंटरमीजिएट परीक्षेची फी भरली. रक्कम रुपये चौदा हजार तीनशे पन्नास. पैसे रोख दिले आणि मुलीला शिकवणाऱ्या टिपणीसबाईंकडून पावती मागून घेतली.

"इतक्या वर्षांत विश्वास बसला नाही का?" टिपणीसबाईंनी विचारलं.

"इश्वास हाय की. पन भांडान झालं तर इश्वास दाखवता येत नाय. पावती दाखवता येते," हौसा म्हणाली.

त्या दिवशी बँकेच्या कामासाठी मी पेणला होतो आणि तिने मला साक्षीदार म्हणून बरोबर नेलं होतं. जोह्याच्या ज्या गणपतींच्या कारखान्यात हौसा काम करते, तिथेच मी हिशेब लिहितो. रोज सकाळी रोह्याहून गाडी पकडून हमरापूरला उतरतो आणि संध्याकाळी परत जातो. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. एवढ्या वर्षांत या कारखान्यात कामाला आलेली आणि गेलेली माणसं पुष्कळ पाहिली. लिहावंसं वाटलं ते हौसाबद्दल, कारण तिच्याइतकं रागावलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि तिचा राग बहुतेक वेळा बरोबर असतो.

हौसाचं माहेर कोलाडजवळच्या खांबचं. लग्न होऊन जोह्याला आली. नवरा गुणाजी डोलवीच्या पोलाद कारखान्यात ठेकेदाराकडे शिफ्टवर जातो. घरात तो फार बोलत नाही. बोलायला जागा मिळत नाही, असं तो स्वतः सांगतो. कारखान्यात हौसाचं काम जोडाचं. साच्यातून धड, हात, कान, सोंड वेगवेगळे निघतात. ते एकमेकांना जोडायचे, आत काथ्या आणि प्लास्टर भरायचं, वरून सांधा दिसेनासा करायचा. तिने जोडलेली सोंड निघाली अशी तक्रार कारखान्यात एकदाच आली. तक्रार घेऊन आलेला व्यापारी रोह्याचा होता. हौसाने ती मूर्ती उलटी करून बघितली आणि त्याला विचारलं, "टेम्पोत कशावर ठेवलीस? सिमेंटच्या गोणीवर ना? तिच्या बुडाला सिमेंट लागलंय." व्यापाऱ्याने मूर्तीचे पूर्ण पैसे दिले. पण ती तेवढ्यावर थांबली नाही. तो टेम्पोत बसेपर्यंत त्याच्यामागून चालत राहिली आणि बोलत राहिली.

तिची मुलगी चंद्रावती. सासूचं नाव ठेवलंय. ती आठ वर्षांची असताना टिपणीसबाई गणपती पसंत करायला कारखान्यात आल्या होत्या. वरच्या फळीवरचा उंदीर बघायला ही पोर चवड्यांवर उभी राहिली आणि तशीच उभी राहिली. बाईंनी गणपती बाजूला ठेवून तिच्या पायांकडे पाहिलं. बाई पेणच्याच. तरुणपणी मुंबईत एका पारशी बाईंकडे बॅले शिकल्या, मुंबईतच शिकवत राहिल्या आणि यजमान गेल्यावर परत आल्या. बाजारात भाताच्या गिरणीच्या वर त्यांचा क्लास आहे. जमीन सागाच्या फळ्यांची. वर मुलींनी उडी मारली की खाली गिरणीवाल्याच्या डोक्यावर कोंडा पडतो. चंद्रावतीला त्यांनी पहिली चार वर्षं फुकट शिकवलं. पाचव्या वर्षी हौसा स्वतः फी घेऊन गेली. फुकटचं खाल्लं की बोलता येत नाही, असं तिचं म्हणणं.

गावात यावरून काय काय बोललं गेलं ते सगळं लिहीत नाही. आमच्या कारखान्यात प्लास्टर कालवणारा मोरू रोज एक तरी टोमणा मारायचा.

"हौसावयनी, आपला बाप्पा पन एका पायावर हुबा हाय. त्याला कोनी चौदा हजार मागितलं नाय."

"त्याला साच्यातून काढलाय. माझी पोर साच्यातली नाय," हौसा म्हणायची. "आन तू पानी जास्त घातलंस तर तुझा बाप्पा एका पायावर पन ऱ्हाणार नाय. बघ बादलीत."

लोक विचारायचे, या नाचाचा उपयोग काय. मला या प्रश्नाचा राग येतो. मी वाणिज्य शाखेचा माणूस आहे, उपयोग काय हे विचारणं हाच माझा धंदा. पण ज्यांनी पोरांच्या बारशाला मांडव घातले आणि त्या खर्चाचा उपयोग आजवर कोणाला सांगितला नाही, तेच लोक हौसाला उपयोग विचारत होते. आणि उपयोग होता. टिपणीसबाई अडुसष्ट वर्षांच्या झाल्या होत्या. गुडघे गेले होते. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "चंद्रावती इंटरमीजिएट पास झाली तर लहान मुलींचे वर्ग तिच्या हातात देईन, पगार देईन आणि पुढे शिक्षिकेच्या परीक्षेला तयार करीन. नाही झाली तर मेअखेर क्लासला कुलूप. मला एकटीला जिने चढवत नाहीत." आमच्या बाजूला दुसरा क्लास नाही. म्हणजे मुलगी पास झाली तरच तिचं शिक्षण पुढे जाणार, नाहीतर गिरणीच्या जिन्याला कुलूप लागणार. परीक्षा मुंबईत होती, मार्चच्या चार तारखेला.

आता बुटांबद्दल सांगायला हवं. या परीक्षेत मुलींना अंगठ्याच्या टोकावर उभं राहून नाचावं लागतं. त्यासाठी वेगळे बूट असतात. बाहेरून गुलाबी साटिन, आणि टोकाला कापड, कागद व खळ यांचे थर वाळवून केलेली कडक टोपी. घामाने ती हळूहळू मऊ पडते. टोक मऊ पडलं की बूट मेला असं म्हणतात, आणि मेलेल्या बुटात उभं राहिलं तर घोटा जातो. चंद्रावतीने परीक्षेसाठी एक जोड राखून ठेवला होता. रोज थोडा वेळ घालून तो पायाला आणत होती.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, शनिवारी, बाईंनी तो जोड हातात घेतला आणि टोक अंगठ्याने दाबलं. वर्ग सुटत होता. डॉक्टरांच्या आणि इंजिनियरांच्या बायका मुलींना न्यायला आल्या होत्या. हौसाही कामावरून तशीच आली होती, हाताला प्लास्टर लागलेलं.

"हा परीक्षेपर्यंत टिकणार नाही," बाई म्हणाल्या. "नवा जोड लागेल. आणि तो आत्ताच लागेल, नाहीतर पायाला यायला वेळ उरणार नाही."

"केवढ्याचा?" हौसाने विचारलं.

बाईंनी आकडा सांगितला. हौसा हातावरचं प्लास्टर नखाने खरवडू लागली. ते बाईंनी चुकीचं वाचलं. त्या म्हणाल्या, "जमणार नसेल तर नाव मागे घ्या. त्यात लाज नाही. पुढच्या वर्षी बघू."

पुढचं वर्ष नव्हतं हे बाईंनीच सांगितलं होतं. एक बाई पर्स उघडता उघडता म्हणाली, "आपण सगळ्या मिळून काढू या का?" तिच्या मनात वाईट नसेल. पण हौसाने मुलीचा हात धरला आणि जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी रोह्याला घरी होतो. पुढचं मोरूने सांगितलं आणि हौसाने त्यातला एक शब्दही नाकारला नाही.

ती सकाळीच कारखान्यात आली. पिशवीतून चंद्रावतीचे बूट काढले. मुलगी मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली होती. हौसाने टोकात बोट घालून बघितलं, ठोकून बघितलं. मग काथ्या सोडवायला बसली.

"वयनी, हे काय करता?" मोरूने विचारलं.

"सोंड भरतेय."

"ही सोंड हाय?"

"टोक हाय ना? आतून पोकळ हाय ना? मग सोंडच. चौदा फुटाच्या मूर्तीची सोंड मी सांभाळते, आन ही बया सांगते नवा जोड घ्या. नाव मागे घ्या. वर्गणी काढू या." काथ्या बारीक करताना ती बोलत होती. "पातळ कालव. अगदी दुधागत."

"पोरीला विचारलंव?"

"तू पानी घाल."

तिने काम उत्तम केलं. मोरू शपथेवर सांगतो की इतका बारीक काथ्या त्याने कधी पाहिला नव्हता. साटिनला एक थेंब लागू दिला नाही. बूट फळीवर, दोन सोंडांच्या मध्ये, उन्हात ठेवले. संध्याकाळपर्यंत कडकडीत वाळले. तिने ते कागदात गुंडाळून मुलीच्या पिशवीत परत ठेवले आणि घरी काही सांगितलं नाही. तिला वाटलं, पोर घालील आणि तिलाच कळेल.

सोमवारी दुपारी चंद्रावती कारखान्यात आली. मी माझ्या टेबलाशी होतो. तिच्या हातात तो जोड होता. ती आईसमोर जाऊन उभी राहिली आणि एक बूट लादीवर आपटला. लादीवर वरवंटा पडावा तसा आवाज झाला.

"आये, हे तू केलंस?"

"मग? मोडून दाखव आता."

"मोडतच नाय. तेच सांगतेय." तिने खाली बसून बूट पायात घालायचा प्रयत्न केला. बोटं टोकापर्यंत जाईनात. आत जागाच उरली नव्हती. तिने पाय बाहेर काढला तेव्हा अंगठ्याची कड सोलली होती. "याच्यात बोटं जातात गो. बोटं. तुझ्या सोंडेत कोनाची बोटं असतात?"

हौसाने बूट हातात घेतला. आत हात घातला. आत्तापर्यंत तिने तो आत माणसाचा पाय असणारी वस्तू म्हणून बघितलाच नव्हता. तिच्या कामात पोकळी ही भरण्यासाठीच असते. हे तिच्या तोंडावर दिसलं, आणि लगेच त्याच्या जागी राग आला. "मग आतून थोडं खरवडून देते."

"तू मला मूर्ती समजतेस," मुलगी म्हणाली. "एका जागेवर हुबी ऱ्हायली की झालं. मला हलायचं असतं." तिने दोन्ही बूट उचलले आणि मागच्या फुटक्या तुकड्यांच्या ढिगावर टाकले. मोरू हसायला गेला आणि हसला नाही.

त्या संध्याकाळी हौसा माझ्या टेबलाशी आली. बूट ढिगातून काढून तिने धुतले होते.

"भाऊ, पेनला चला. मी एकटी गेले तर मारामारी होईल."

"माफी मागायला जायचंय का?"

"भांडायला जायचंय."

गेलो. क्लासमध्ये बाई एकट्याच होत्या, खुर्चीवर बसून गुडघ्याला तेल चोळत. हौसाने बूट त्यांच्यासमोर ठेवले. बाईंनी एक उचलला, हातात तोलला आणि टोकात डोकावून बघितलं.

"हे प्लास्टर आहे?"

"व्हय."

"तुम्ही बुटात प्लास्टर भरलंत."

"तुमी सांगितलं टोक मऊ झालं. मऊ झालेलं मी कडक करते. तेच माझं काम हाय. तुमी आठ-नऊ वर्सं पोरीला शिकवता, हा बूट कशासाठी वाकतो, का मरतो, हे एकदा तरी आम्हाला सांगितलंत? केवढ्याचा येतो तेवढं सांगितलंत."

"तुम्ही कधी विचारलंत?"

"विचारायला जिना चढून यायचं आन त्या बायकांच्या समोर उभं ऱ्हायचं?"

"म्हणून मुलीची परीक्षा मोडायची?" बाईंचा आवाज चढला. मी त्यांना चढ्या आवाजात बोलताना आधी ऐकलं नव्हतं. "दोन आठवडे राहिलेत. पायाला आलेला एकच जोड होता. मेला असता तरी सराव करता आला असता. तुम्ही तो दगड केलात. हा अडाणीपणा आहे हौसाबाई. शुद्ध अडाणीपणा."

"अडाणी कोनाला बोलता? मुंबईहून शिकून आलात आन पोरीला पुढच्या वर्साचं सांगता. पुढलं वरीस हाय का तुमच्याकडं? गुडघं तरी हायत का?"

खाली गिरणी बंद झाली होती, त्यामुळे सगळा बाजार ऐकत असणार. मी दोघींच्या मध्ये उभा राहिलो नाही. दोघींचंही म्हणणं खोटं नव्हतं आणि मध्ये उभं राहून मी काय सांगणार होतो? मी एवढंच विचारलं की नवा जोड आज मागवला तर कधी येईल.

बाईंनी चष्मा लावला आणि मुंबईच्या दुकानाला फोन लावला. चंद्रावतीच्या मापाचा एकच जोड होता, किंचित रुंद. बाईंनी तो ठेवून घ्यायला सांगितला, फोनवरून पैसे पाठवले आणि बुधवारी माणूस पाठवून आणवला. सहा हजार आठशे रुपये.

"हे मी देनार," हौसा म्हणाली.

"द्या. मी कुठे नको म्हणतेय?" बाई म्हणाल्या.

पुढचे दिवस घरात अबोला होता. चंद्रावती आईने वाढलेलं जेवायची, पण "भात" आणि "पुरे" यापलीकडे बोलायची नाही. नवे बूट आले त्या संध्याकाळी तिने ते दाराच्या बिजागरीच्या फटीत धरले आणि दार त्यांच्यावर लोटलं. पुन्हा लोटलं. मग तळवा दोन्ही हातांनी वाकवला, उंबऱ्यावर टोक आपटलं. हौसा चुलीपासून हे बघत होती.

"सहा हजार आठशेचं हाय," ती शेवटी म्हणाली.

"नवा बूट मोडावाच लागतो." मुलीने मान वर केली नाही. "नाय मोडला तर पाय मोडतो."

हौसा उठून बाहेर गेली. गुणाजी शिफ्टवरून येत होता. त्याला म्हणाली, "घरात जाऊ नका. आपली पोर नवंकोरं बूट दारात चेपतेय आन तसंच करायचं असतंय म्हने." गुणाजी ओटीवर बसला. आतून दार आपटण्याचा आवाज येत राहिला. मला हे तिनेच दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि सांगताना ती कुणावर रागावली होती ते मला कळलं नाही. ती हातातल्या सोंडेचा सांधा घासत होती, नेहमीपेक्षा जोरात.

चार मार्चला पहाटेच्या एसटीने टिपणीसबाई, हौसा आणि चंद्रावती मुंबईला गेल्या. जिथे परीक्षा होती तिथे मुलींना चौघी-चौघींनी आत घेत होते. आत फक्त परीक्षक आणि पियानो वाजवणारा. शिक्षिका नाही, आई नाही. दाराची काचही आतून कागदाने झाकलेली. हौसाने दारावरच्या माणसाला गाठलं.

"माझ्या पोरीचा नाच मी बघायचा नाय?"

"परीक्षा आहे बाई. कार्यक्रम नाही."

"चौदा हजार तीनशे पन्नास भरून आत कोन बसलंय? तुमची बाय का?"

टिपणीसबाईंनी तिला दंडाला धरून बाकावर आणून बसवलं. दोघी एका बाकावर बसल्या, मध्ये पिशवी ठेवून. आतून पियानो ऐकू येत होता, आणि शेवटच्या भागात बुटांचा आवाज. नवे बूट वाजतात. चौघींमध्ये तीन जोड मऊ वाजत होते आणि एक टणटण. कोणता कोणाचा हे दोघींनाही न सांगता कळत होतं. मग एकदा तो आवाज चुकला. एक टोक घसरल्यासारखा ओरखडा, आणि क्षणभर काहीच नाही. हौसा उठून उभी राहिली. बाई बसूनच होत्या, पण त्यांनी डोळे मिटले. पुन्हा टणटण सुरू झालं आणि शेवटपर्यंत थांबलं नाही.

चंद्रावती बाहेर आली तेव्हा मोज्याला रक्त होतं. तिने बाईंना सांगितलं, "एकदा खाली उतरले. लगेच वर गेले." मग आईकडे बघितलं आणि म्हणाली, "पानी दे."

हौसाने बाटली दिली. झाकण उघडून दिली. अबोला तिथे संपला, राग संपला नाही. परतीच्या एसटीत पेण येईपर्यंत तिघी तीन बाकांवर बसल्या होत्या. एका बाकावर तिघींना जागा होती.

निकाल मे महिन्यात आला. चंद्रावती पास झाली. टोकावरच्या कामात काठावर, बाकी सगळीकडे चांगले गुण. टिपणीसबाईंनी गुण मोठ्याने वाचले आणि म्हणाल्या, "सरावाला जुना जोड असता तर इथे आणखी मिळाले असते." हौसाने कागद त्यांच्या हातातून घेतला. "घडून गेलं ते गेलं. पास हाय का नाय ते सांगा." बाईंनी पास आहे असं सांगितलं. तिने तो शब्द त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतला.

क्लासला कुलूप लागलं नाही. जूनपासून मंगळवारी आणि शनिवारी लहान मुलींचे वर्ग चंद्रावती घेते. डोलवीच्या शिफ्टवाल्यांच्या पाच मुली येतात, जोह्याच्या दोन. त्यातली एक मोरूची आहे. तो आता टोमणे मारत नाही, फी जास्त आहे एवढंच म्हणतो. चंद्रावतीने एक पद्धत घालून दिली आहे. पहिल्या दिवशी आयांना वर बोलावून खुर्चीवर बसवते, बूट त्यांच्या हातात देते आणि आत बोटं घालून बघायला लावते. बूट का वाकतो, का मऊ पडतो, घरी काय करायचं आणि काय करायचं नाही, हे ती सांगते. टिपणीसबाईंना हे पसंत नाही. वर्गाचा वेळ जातो, असं त्यांचं म्हणणं. यावरून दोघींचं वाजतं. चंद्रावतीचा आवाज चढला की खाली गिरणीवाला म्हणतो, हौसा आली वाटतं.

हौसा तिथे जात नाही. बुटांचे पैसे तिने हप्त्यांनी फेडले, दर वेळी माझ्या हाती पाठवून, आणि दर वेळी पावती आणायला सांगून. सहा हजार चारशे रुपये असे गेले. मग ती थांबली. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "राहिलेलं त्या बाईनं मला बोललेला अडाणी शब्द मागं घेतला की देईन." मी हे टिपणीसबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पैसे पुरे दिले की मागे घेईन." हा निरोप मी हौसाला दिला. तिने हातातली सोंड खाली ठेवली नाही.

हौसाकडून टिपणीसबाईंना चारशे रुपये येणे बाकी आहे.